'इंडिया' कुठे आणि 'इंडियन' कुठे: इंग्रजीत देशाचे नाव आणि त्याचे विशेषण

रावेर तालुक्यातील एका तरुण केळी निर्यातदाराने पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी आखाती देशांतील खरेदीदारांसाठी इंग्रजीत एक माहितीपत्रक तयार केले. त्यात 'इंडिया बनाना', 'इंडियन गव्हर्न्मेंट सर्टिफिकेट', 'बायर्स फ्रॉम दुबई कंट्री', 'इराणी मार्केट' अशा शब्दयोजना होत्या. देशाचे नाव आणि विशेषण यांची गल्लत झाली आहे, असे सांगून एका परिचिताने ते परत केले. त्याच सुमारास त्यांची बहीण परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरत होती आणि राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'इंडिया' लिहावे की 'इंडियन', याबद्दल तिला शंका आली. याला काही नियम आहे की सगळे पाठच करावे लागते, असे त्यांनी विचारले आहे.

मी जळगावात इंग्रजी शिकवतो आणि निर्यातीची व व्हिसाची कागदपत्रे तपासून देतो. रावेर-सावद्यापासून चोपड्यापर्यंतच्या मंडळींच्या लिखाणात हीच अडचण मला वारंवार दिसते, त्यामुळे उत्तर जरा विस्ताराने देतो. प्रश्नाचे दोन भाग वेगळे केले तर गुंता बराच सुटतो. एखाद्या देशापासून विशेषण कसे तयार होते, याला पक्का नियम नाही. ते शब्दकोशात पाहावे लागते. परंतु दिलेल्या वाक्यात नाव वापरायचे, विशेषण वापरायचे की 'ऑफ' लावून नाव मागे ठेवायचे, हे मात्र तर्काने ठरवता येते, आणि तो तर्क शिकण्यासारखा आहे.

आधी आपली सवय पाहू, कारण चूक तिथून सुरू होते. मराठीत 'भारतीय' हे विशेषण आपण फार सढळपणे वापरतो. 'भारतीय रिझर्व्ह बँक', 'भारतीय स्टेट बँक' असे आपण सहज लिहितो. पण इंग्रजीत या संस्थांची नावे 'रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया' आणि 'स्टेट बँक ऑफ इंडिया' अशी आहेत, त्यांत विशेषण नाही. 'भारतीय रेल्वे' मात्र इंग्रजीतही 'इंडियन रेल्वेज'च आहे. 'भारत सरकार' असे आपण दोन नामे शेजारी ठेवून म्हणतो, तर इंग्रजीत अधिकृत रूप 'गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया' असे आहे. म्हणजे मराठी रूपावरून इंग्रजी रूपाचा अंदाज बांधता येत नाही, आणि संस्थेच्या नावात तर तो बांधूच नये. मुंबईत १९०६ साली स्थापन झालेली 'बँक ऑफ इंडिया' आणि चेन्नईत १९०७ साली सुरू झालेली 'इंडियन बँक' या दोन स्वतंत्र बँका आहेत. पैसे कोणत्या बँकेत यायचे हे परदेशी खरेदीदाराला कळवताना 'ऑफ इंडिया'च्या जागी 'इंडियन' लिहिले तर ती केवळ व्याकरणाची चूक राहत नाही, पैसे अडकण्याची सोय होते. विशेषनाम जसे नोंदले आहे तसेच उतरवायचे, त्यात आपले व्याकरण घालायचे नाही.

'इंडियन गव्हर्न्मेंट सर्टिफिकेट' ही शब्दयोजना याच कारणाने खटकते. 'द इंडियन गव्हर्न्मेंट' असे इंग्रजी वर्तमानपत्रे रोज लिहितात आणि वर्णन म्हणून ते बरोबरच आहे. परंतु दाखला कोणी दिला हे सांगायचे असेल तर देणाऱ्याचे अधिकृत नाव हवे. शिवाय 'सरकारी सर्टिफिकेट' म्हणून खरेदीदाराला काहीच कळत नाही. केळीच्या बाबतीत तो बहुधा वनस्पती आरोग्याचा दाखला असतो, तेव्हा 'फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट' असे त्याचे नाव लिहावे आणि तो 'गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया'च्या वतीने दिला आहे, असे सांगावे.

आता मुख्य तर्काकडे येऊ. विशेषण हे प्रकार, मूळ किंवा स्वभाव सांगते. 'इंडियन बनानाज' म्हणजे भारतात पिकलेली केळी, 'इंडियन फूड' म्हणजे भारतीय पद्धतीचे जेवण, 'इंडियन फार्मर्स' म्हणजे भारतातील शेतकरी. ज्या ठिकाणी मराठीत 'कोणत्या प्रकारचा' किंवा 'कुठला' असा प्रश्न विचारता येतो, तिथे इंग्रजीत साधारणतः विशेषण येते. म्हणून 'इंडिया बनाना' चूक आणि 'इंडियन बनानाज' बरोबर. येथे अनेकवचनाकडेही लक्ष द्यावे. मराठीत 'केळी निर्यात करतो' असे आपण अनेकवचनातच म्हणतो, पण इंग्रजीत लिहिताना 'बनाना' असे एकवचन सोडून देतो. अनेकवचनाचा 'एस' नामाला लागतो, विशेषणाला कधीही लागत नाही. 'इंडियन्स फार्मर्स' किंवा 'ओमानीज बायर्स' हे दोन्ही अशुद्ध आहेत. 'इंडियन्स' हा शब्द एकटा आला तर ते नाम असते आणि त्याचा अर्थ भारतीय लोक असा होतो.

देशाचे नाव विशेषणाच्या जागी तसेच्या तसे येते ते बहुधा 'त्या देशाविषयीचा' किंवा 'त्या देशापुरता' असा अर्थ असताना. हा फरक फार महत्त्वाचा आहे आणि शाळेत तो क्वचितच सांगितला जातो. 'अमेरिकाज इंडिया पॉलिसी' म्हणजे अमेरिकेचे भारताविषयीचे धोरण. ते धोरण अमेरिकेचे आहे, भारत हा त्याचा विषय आहे. 'इंडियन पॉलिसी' म्हटले की ते धोरण भारताचे स्वतःचे होते. धोरणाचा मालक बदलला, आणि इंग्रजीत वाढले ते फक्त शेवटचे एक अक्षर. इतिहासात याचे ठळक उदाहरण लंडनमधील 'इंडिया ऑफिस' आहे. १८५८ पासून १९४७ पर्यंत भारताचा कारभार पाहणारे ते ब्रिटिश सरकारचे खाते होते. ते भारतीयांचे नव्हते, भारताविषयीचे होते, म्हणून 'इंडिया'. आजही एखादी परदेशी कंपनी आपल्या मुंबईतील शाखेला 'अवर इंडिया ऑफिस' म्हणते ते याच अर्थाने. तुमच्या खरेदीदाराने 'अवर इंडिया मॅनेजर विल कॉन्टॅक्ट यू' असे लिहिले, तर तो मनुष्य भारताचे काम पाहतो एवढेच त्यातून कळते. तो स्वतः भारतीय असेलच असे नाही. 'अवर इंडियन मॅनेजर' असे लिहिले तर तो भारतीय आहे हे कळते, पण तो कोणत्या देशाचे काम पाहतो हे कळत नाही.

तिसरे रूप म्हणजे 'इंडियाज', नावाला लागलेला षष्ठीचा प्रत्यय. देश एक संपूर्ण घटक म्हणून, कर्ता किंवा मालक म्हणून समोर असेल तेव्हा हे रूप शोभते: 'इंडियाज एक्सपोर्ट्स', 'इंडियाज प्राइम मिनिस्टर', 'इंडियाज लार्जेस्ट बनाना-ग्रोइंग डिस्ट्रिक्ट्स'. शेवटच्या उदाहरणात 'इंडियन लार्जेस्ट' असे कधीही होत नाही, कारण 'सर्वांत मोठा' म्हटले की कोणाच्या हद्दीतला, हे सांगावे लागते आणि हद्द देशाला असते, प्रकाराला नसते. पुष्कळदा 'इंडियन' आणि 'इंडियाज' दोन्ही चालतात आणि अर्थात नाममात्र फरक पडतो. 'इंडियन हिस्टरी' आणि 'इंडियाज हिस्टरी' यांत वाद घालण्याचे कारण नाही. मात्र आपल्याकडे 'ओमानचे खरेदीदार' याचे शब्दशः 'ओमान्स बायर्स' होते, ते टाळावे. ते ओमान या राष्ट्राच्या मालकीचे खरेदीदार नाहीत. 'ओमानी बायर्स' किंवा 'बायर्स इन ओमान' असे लिहावे. यांतही 'बायर्स इन ओमान' अधिक सुरक्षित आहे, कारण मस्कतमध्ये केळीचा व्यापार करणारा मनुष्य मूळचा ओमानचाच असेल असे नाही.

काही शब्दसमूह मात्र तर्काला जुमानत नाहीत आणि ते तसेच लक्षात ठेवावे लागतात. 'कोरियन वॉर' म्हणतात, पण 'व्हिएतनाम वॉर' म्हणतात. 'ब्राझील नट' म्हणतात, 'ब्राझिलियन नट' नव्हे. पण 'ब्राझिलियन कॉफी'. काळ्या शाईला ब्रिटनमध्ये 'इंडियन इंक' आणि अमेरिकेत 'इंडिया इंक' म्हणतात. यांची यादी पाठ करण्यात अर्थ नाही. असा शब्द वाचनात आला की तो नोंदून ठेवावा.

हे सगळे एका वस्तूवर पाहायचे तर निर्यातीच्या तेरा किलोच्या खोक्याकडे पाहा. त्यावर 'कंट्री ऑफ ओरिजिन' या शब्दांपुढे 'इंडिया' असते, कारण प्रश्न 'देश कोणता' असा आहे आणि त्याचे उत्तर नावच असू शकते. त्याच खोक्यावर 'प्रॉडक्ट ऑफ इंडिया' असे असते, तिथेही 'ऑफ'नंतर नाव येते; 'प्रॉडक्ट ऑफ इंडियन' असे मी छापलेले पाहिले आहे आणि ती खोकी बाजारात गेली याचे आजही वाईट वाटते. मालाचे वर्णन जिथे येते तिथे 'फ्रेश इंडियन कॅव्हेंडिश बनानाज' (कॅव्हेंडिश हा केळीचा प्रकार). आणि जळगावचे नाव घालायचे असेल तर? इंग्रजीत बहुतेक शहरांना आणि जिल्ह्यांना विशेषणच नसते, तिथे नाव थेट नामाआधी ठेवतात: 'जळगाव बनानाज'. आपल्या केळीला २०१६ साली मिळालेले भौगोलिक मानांकनही 'जळगाव बनाना' याच नावाने आहे. तेव्हा 'जळगावी' किंवा 'जळगावियन' असे काही घडवत बसू नये. खानदेशचे मात्र 'खानदेशी' हे विशेषण इंग्रजी लिखाणात रुळले आहे, 'खानदेशी क्विझीन' असे लिहायला हरकत नाही. नंदुरबारच्या मिरचीला 'नंदुरबार चिलीज'.

आता विशेषणाच्या रूपांकडे. आपल्याला सर्वांत जास्त फसवतो तो आपलाच 'ई' प्रत्यय. मराठीत देशाच्या नावाला 'ई' लावला की विशेषण तयार: जपानी, चिनी, इराणी, अफगाणी, नेपाळी. पश्चिम आणि दक्षिण आशियातील बऱ्याच देशांच्या बाबतीत इंग्रजीतही नेमके हेच घडते, म्हणून आपला विश्वास बळावतो: 'पाकिस्तानी', 'बांगलादेशी', 'इराकी', 'ओमानी', 'कतारी', 'कुवेती', 'येमेनी', 'इस्रायली'. सौदी अरेबियाचे 'सौदी'. पण ही साखळी मध्येच तुटते. इराणचे विशेषण 'इरानियन' आहे. 'इराणी' हा शब्द भारतीय इंग्रजीत वेगळ्याच अर्थाने वापरतात. इराणमधून येऊन येथे स्थायिक झालेल्या समाजासाठी आणि त्यांच्या उपाहारगृहांसाठी, म्हणूनच 'इराणी कॅफे'. त्यामुळे तुमच्या पत्रकातील 'इराणी मार्केट' वाचून तेहरानचा व्यापारी गोंधळेल. तिथे 'द इरानियन मार्केट' हवे. 'पर्शियन' हे विशेषण त्या देशाची भाषा, जुने साहित्य, गालिचे आणि मांजरे यांच्यासाठी राखीव आहे, आजच्या राज्यासाठी किंवा बाजारासाठी नाही.

अफगाणिस्तानचे विशेषण 'अफगान' आहे. 'अफगाणी' हे त्या देशाच्या चलनाचे नाव आहे. भारतीय वर्तमानपत्रांतही 'अफगाणी स्टुडंट्स' असे दिसते, पण प्रमाण इंग्रजीत विद्यार्थी 'अफगान' असतो आणि 'अफगाणी' खिशात असते. अरब जगाविषयी तीन शब्द आहेत आणि तिन्हींची कामे वेगळी आहेत: माणसे आणि देश यांसाठी 'अरब', भाषा आणि लिपी यांसाठी 'अरेबिक', आणि भूगोलासाठी 'अरेबियन', जसे 'अरेबियन सी'. 'अरेबिक कंट्रीज' असे सर्रास लिहिले जाते, ते 'अरब कंट्रीज' असायला हवे.

केळीच्या व्यापारात प्रतिस्पर्धी देशांची नावे येतातच, म्हणून तीही पाहू. जगात सर्वाधिक केळी निर्यात करणारा देश इक्वेडोर. त्याचे विशेषण 'इक्वेडोरियन'. कोस्टा रिकाचे 'कोस्टा रिकन', ग्वाटेमालाचे 'ग्वाटेमालन'. फिलिपीन्सचे प्रकरण थोडे निराळे आहे: देशाच्या नावाचे स्पेलिंग 'पीएच'ने सुरू होते, पण माणसाला 'फिलिपीनो' म्हणतात आणि त्या शब्दाची सुरुवात 'एफ'ने होते. सरकार, बेटे, निर्यात यांसाठी 'फिलिपीन' हे विशेषण औपचारिक लिखाणात वापरतात, म्हणजे 'फिलिपीन बनानाज' पण 'फिलिपीनो वर्कर्स'.

युरोपात अडचण आणखी वाढते, कारण तिथे विशेषण एक आणि माणसासाठीचे नाम दुसरे, अशा शब्दांच्या जोड्या आहेत. स्पेनचे विशेषण 'स्पॅनिश', पण स्पेनचा माणूस 'स्पॅनियर्ड'. पोलंडचे 'पोलिश' आणि 'पोल', डेन्मार्कचे 'डॅनिश' आणि 'डेन', स्वीडनचे 'स्वीडिश' आणि 'स्वीड', तुर्कस्तानचे 'टर्किश' आणि 'टर्क'. ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. 'इंग्रज', 'वलंदाज', 'फरासीस' असे माणसांचे स्वतंत्र शब्द जुन्या मराठी कागदपत्रांतही होतेच. 'इश', 'ईज' आणि 'च' अशा ध्वनींनी संपणाऱ्या विशेषणांचे अनेकवचन होत नाही: 'चायनीज' या शब्दाला आणखी 'एस' लावू नये, 'द चायनीज' म्हणजे समस्त चिनी लोक, आणि एका माणसाला नुसते 'अ चायनीज' म्हणणेही आता उद्धट समजले जाते. या सगळ्यातून सुटण्याचा मार्ग असा की माणसाविषयी लिहिताना विशेषणापुढे नेहमी एखादे नाम ठेवावे: 'अ चायनीज एक्सपोर्टर', 'अ स्पॅनिश बायर', 'अ डॅनिश स्टुडंट'. हे कधीही चुकत नाही आणि कोणाला लागतही नाही.

देश नसलेल्या गोष्टीला देश म्हणणे हा पुढचा दोष, आणि आपल्या भागात तो दुबईच्या बाबतीत सर्वांत जास्त होतो. 'माल दुबईला जातो' हे बोलण्यात ठीक आहे. परंतु दुबई ही संयुक्त अरब अमिरातींपैकी एक अमिरात आहे; अबू धाबी, शारजा, अजमान, उम्म अल कुवैन, रास अल खैमा आणि फुजैरा या इतर सहा. हा संघ १९७१ साली स्थापन झाला आणि त्याची राजधानी अबू धाबी आहे. कागदपत्रात देशाच्या रकान्यात 'युनायटेड अरब एमिरेट्स' असेच लिहावे, बंदराच्या रकान्यात 'जेबेल अली' लिहावे, आणि दुबई हे पत्त्यातील शहर म्हणून येऊ द्यावे. त्या देशाचे विशेषण 'एमिराती' असे आहे. पण ते मुख्यतः तेथील नागरिकांसाठी आणि संस्कृतीसाठी वापरतात. दुबईत राहणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक परदेशी आहेत, म्हणून कंपनी किंवा खरेदीदार यांसाठी 'अ यूएई कंपनी' असे संक्षेपानेच लिहिणे अधिक अचूक ठरते.

ब्रिटनबाबत मराठीचीच सवय आड येते. आपण त्या सगळ्या देशाला इंग्लंड आणि तिथल्या सगळ्यांना इंग्रज म्हणतो. इंग्लंड हा त्याचा एक भाग आहे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स मिळून ग्रेट ब्रिटन, आणि त्यात उत्तर आयर्लंड मिळवले की युनायटेड किंग्डम. विशेषण 'ब्रिटिश'. ग्लासगोच्या प्राध्यापकांना अर्ज करताना पत्रात 'इंग्लिश युनिव्हर्सिटीज'चे कौतुक केले तर ते त्यांना खचितच आवडणार नाही. ते 'स्कॉटिश' आहेत. डब्लिन तर युनायटेड किंग्डममध्ये नाहीच, ती स्वतंत्र आयर्लंडची राजधानी आहे आणि तिथे 'आयरिश'. नेदरलँड्सला 'हॉलंड' म्हणणेही आता सोडावे. नॉर्थ हॉलंड आणि साउथ हॉलंड हे त्या देशाच्या बारा प्रांतांपैकी दोन प्रांत आहेत, आणि तेथील सरकारने २०२० पासून जाहिरातींतूनही 'हॉलंड' हे नाव काढून टाकले. विशेषण मात्र तेच राहिले: 'डच'. नावाशी त्याचा काही संबंध दिसत नाही, तरी तेच बरोबर आहे. व्यवहारात 'नेदरलँडिश' असे लिहीत नाहीत.

उपपदाविषयी, म्हणजे 'अ', 'ॲन', 'द' यांविषयी, थोडक्यात. साध्या, एकेरी नावाला 'द' लागत नाही: 'इंडिया', 'ओमान', 'इराक'. नाव अनेकवचनी असेल किंवा त्यात राज्य, संघ, प्रजासत्ताक अशा अर्थाचे सामान्यनाम असेल तर 'द' लागतो: 'द नेदरलँड्स', 'द फिलिपीन्स', 'द मालदीव्ज', 'द युनायटेड स्टेट्स', 'द यूएई'. म्हणून एकाच देशाचे छोटे नाव 'ओमान' आणि लांब नाव 'द सल्तनेट ऑफ ओमान'; 'इंडिया' आणि 'द रिपब्लिक ऑफ इंडिया'. क्रियापद मात्र एकवचनी: 'द नेदरलँड्स इज', 'द यूएई इज'. 'द गॅम्बिया' हा अपवाद आहे. 'युक्रेन'ला पूर्वी 'द' लावत, १९९१ च्या स्वातंत्र्यानंतर तो लावणे त्या देशाला अपमानास्पद वाटते.

'अ' की 'ॲन' हे अक्षरावर नव्हे, उच्चारावर ठरते, आणि येथे आपले विद्यार्थी फार चुकतात. 'यूएई', 'यूएस', 'युरोपियन', 'युगांडन' यांची सुरुवात 'य' या ध्वनीने होते, म्हणून 'अ यूएई कंपनी', 'अ युरोपियन बायर'. 'ओमानी', 'इरानियन', 'इंडियन' यांची सुरुवात स्वराने, म्हणून 'ॲन'. युरोपीय संघाचा संक्षेप उच्चारात 'ई' ने सुरू होतो म्हणून 'ॲन ईयू रूल', पण त्याच वाक्यात पुढे 'अ युरोपियन पोर्ट' येऊ शकते, आणि दोन्ही शुद्ध असतात.

मोठ्या अक्षरांविषयी एवढेच सांगतो की देवनागरीत हा भेदच नसल्याने तो आपल्या हातातून निसटतो. देश, त्याचे विशेषण, लोक आणि भाषा या चारही ठिकाणी पहिले अक्षर मोठेच हवे. हे केवळ शोभेसाठी नाही: छोट्या 'सी'ने लिहिलेला 'चायना' म्हणजे चिनी मातीची भांडी, आणि छोट्या 'टी'ने लिहिलेला 'टर्की' म्हणजे पक्षी.

बहिणीच्या अर्जाकडे येतो. भारतीय पासपोर्टवर राष्ट्रीयतेपुढे 'इंडियन' असे छापलेले असते आणि देशाचा संकेत 'आयएनडी' असा असतो. म्हणून अर्जात 'नॅशनॅलिटी' असा मोकळा रकाना असेल तर 'इंडियन' लिहावे. 'कंट्री ऑफ सिटिझनशिप', 'कंट्री ऑफ बर्थ', 'कंट्री ऑफ रेसिडेन्स' अशा रकान्यांत प्रश्नच 'देश कोणता' असा आहे, तिथे 'इंडिया'. काही संकेतस्थळांवर 'नॅशनॅलिटी' असा शब्द लिहून खाली मात्र देशांची यादी दिलेली असते. तिथे 'इंडियन' शोधत बसू नये, यादीत 'इंडिया' असेल तर तेच निवडावे. उद्देशपत्रात 'आय ॲम ॲन इंडियन स्टुडंट' किंवा 'आय ॲम फ्रॉम इंडिया' यांपैकी काहीही चालते, 'आय ॲम फ्रॉम इंडियन' चालत नाही. मातृभाषेच्या रकान्यात 'इंडियन' लिहू नये, ती भाषा नव्हे. 'मराठी' लिहावे, आणि घरात अहिराणी बोलत असाल तर 'अहिराणी' लिहिण्यातही काही कमीपणा नाही.

देशांच्या दोन अक्षरी संकेतांबाबत एक इशारा द्यावासा वाटतो, कारण आजकाल बहुतेक ऑनलाइन अर्जांत आणि जहाजाच्या कागदांत तेच भरावे लागतात. 'सीएच' हा चीनचा संकेत नाही, तो स्वित्झर्लंडचा आहे, चीनचा 'सीएन'. इराण 'आयआर' आणि इराक 'आयक्यू'. ऑस्ट्रिया 'एटी' आणि ऑस्ट्रेलिया 'एयू'. संयुक्त अरब अमिरातीचा 'एई', 'यूए' नव्हे, 'यूए' हा युक्रेनचा आहे. नावावरून संकेत ओळखण्याचा प्रयत्न न करता तो प्रत्येक वेळी यादीतून पाहूनच भरावा. विशेषणांसाठीही हेच करावे: इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी ऑक्सफर्डने काढलेल्या शब्दकोशात भौगोलिक नावांची स्वतंत्र यादी असते, तीत देश, विशेषण आणि माणसासाठीचे नाम शेजारी शेजारी दिलेले असते.

राहिली बदललेली नावे. सिलोनचे १९७२ मध्ये श्रीलंका झाले, बर्माचे १९८९ मध्ये म्यानमार, स्वाझीलंडचे २०१८ मध्ये एस्वातिनी, आणि तुर्कस्तानने २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांत 'तुर्किये' हे रूप नोंदवून घेतले. नाव बदलले म्हणून विशेषण लगेच बदलत नाही: 'टर्किश' अजून तसेच आहे, म्यानमारच्या भाषेला आणि जेवणाला आजही 'बर्मीज' म्हणतात, आणि श्रीलंकेचा चहा अजूनही 'सिलोन टी' म्हणूनच विकला जातो. आपण नव्याने पत्र किंवा अर्ज लिहीत असू तर देशाचे आजचे अधिकृत नाव वापरावे. परंतु जुन्या कागदावरचा तपशील उतरवायचा असेल तर तिथे जे छापले आहे तेच उतरवावे. जळगावच्या आपल्या विद्यापीठाच्या पदवीधरांना हे वेगळे सांगायला नको: २०१८ च्या आधीच्या पदवीपत्रावर 'नॉर्थ महाराष्ट्र युनिव्हर्सिटी' असेच नाव आहे, कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव त्यानंतर आले. अर्जात पदवीपत्रावरचे नाव लिहावे आणि आजचे नाव त्याच ओळीत 'नाउ' या शब्दाने जोडावे.